पुल टेस्ट पास, तरी लूप फुगलेलाच: कंट्रोल लाइन विमानाचा कमजोर सांधा कसा शोधला

कंट्रोल लाइन म्हणजे हातातल्या हँडलला बांधलेल्या दोन तारांवर (लाइनींवर) आपल्याभोवती गोल फिरवायचं छोटं विमान. तक्रार साधी होती. १.२ किलोचं, १.३ मीटर पंखांचं, ३५ नंबरच्या (०.३५ घनइंच) इंजिनाचं प्रोफाइल, म्हणजे चपट्या फळीच्या धडाचं, कसरतींचं (स्टंट) विमान. लाइन १८ मीटर, फेरी ५ सेकंदांची. आउटसाइड लूप (डाउन देऊन, नाक खाली वळवत घेतलेला) घट्ट आणि गोल यायचा, इनसाइड लूप (अप देऊन, नाक वर वळवत घेतलेला) मात्र दीडपट मोठा. डोक्यावरून खाली येताना तर अप दिल्यावर विमान आधी विचार करायचं आणि मग वळायचं. जमिनीवर मात्र सगळं ठीक. हँडल हलवलं की एलिव्हेटर (शेपटीचा वरखाली हलणारा भाग) दोन्हीकडे ३० अंश, अडखळ नाही, आवाज नाही. उडवण्याआधीची पुल टेस्टही (लाइनी ओढून जोडण्या टिकतात का ते पाहणं) रोज पास.

अशा वेळी पहिला हात जातो तो हँडलकडे. दोन लाइनींमधलं अंतर वाढवायचं, न्यूट्रल (एलिव्हेटरची मधली जागा) थोडा अपकडे झुकवायचा, नाहीतर शेपटीत शिसं टाकून गुरुत्वमध्य मागे न्यायचा. तिन्ही करून झालं होतं आणि एकानेही दुखणं गेलं नाही. गुरुत्वमध्य मागे नेल्यावर विमान सरळ उडतानाच नाचायला लागलं, लूप मात्र होता तेवढाच राहिला. न्यूट्रल हलवल्यावर चांगला असलेला आउटसाइड लूपही बिघडला.

आता पुल टेस्टबद्दल. एफटूबी या जागतिक एरोबॅटिक्स वर्गात विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन ही चाचणी घेतात, म्हणजे इथे १२ किलो. उडताना लाइनवर खरा ताण किती येतो याचं सोपं गणित असं: त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची, चारने गुणायची आणि फेरीच्या सेकंदांच्या वर्गाने भागायची. १८ गुणिले ४ म्हणजे ७२, भागिले २५ म्हणजे २.९. विमान स्वतःच्या वजनाच्या २.९ पट ओढतं, साधारण ३.५ किलो. म्हणजे १२ किलोला टिकलेल्या जोडणीत जवळजवळ साडेतीनपट शिल्लक आहे. विमान सुटून प्रेक्षकांत जाऊ नये, यासाठी ही चाचणी आहे आणि ते काम ती चोख करते.

पण या चाचणीत दोन्ही लाइनी सारख्या ओढल्या जातात. बेलक्रँक, म्हणजे लाइनींची ओढ एलिव्हेटरकडे पोचवणारी फिरती पट्टी, फिरतच नाही. सगळा भार लीडआउटमधून (पंखातून बाहेर येणाऱ्या, लाइनी जोडायच्या तारांमधून) बेलक्रँकच्या मधल्या बोल्टवर, तिथून प्लायच्या पाटावर आणि पाटातून पंखात जातो. पुशरॉडवर (बेलक्रँकपासून मागे जाणाऱ्या दांडीवर) शून्य, हॉर्नवर (ती दांडी जिथे जोडतात त्या एलिव्हेटरवरच्या छोट्या हातावर) शून्य, बिजागरीवर शून्य. १२ किलोला पास झालेल्या विमानाचा पुशरॉड शिवणाच्या दोऱ्याचा असता तरी चाचणीला पत्ता लागला नसता. हे एकदा डोक्यात बसलं की तपासाची दिशा आपोआप ठरते.

पुशरॉडवर जास्तीत जास्त किती जोर येऊ शकतो, हेही कागदावर काढता येतं. पूर्ण अप किंवा पूर्ण डाउन मागताना एक लाइन जवळजवळ सैल होते आणि सगळा ३.५ किलोचा ताण दुसरीवर येतो. बेलक्रँक ३ इंची, म्हणजे लीडआउटचं भोक मध्यापासून ३८ मिमीवर. पुशरॉडचं भोक १९ मिमीवर. जोर दुप्पट होतो: ७ किलो. याहून जास्त जोर पायलट कितीही मनगट वळवून लावूच शकत नाही, कारण ताण विमानच देतं. एलिव्हेटरवरच्या हवेच्या दाबाला याहून जास्त जोर लागला, तर एक लाइन लोंबते आणि कंट्रोल तिथेच थांबतो. अमेरिकेतले जुने स्टंटवाले या मर्यादेला बिल नेट्झबँड यांच्या नावाने ‘नेट्झबँड वॉल’ म्हणतात. डोक्यावर असताना विमानाचं वजन ताणातून वजा होतं, २.९ पटीचे १.९ पट उरतात, म्हणून ही भिंत तिथे आधी लागते. चार इंची बेलक्रँकचा आग्रह का धरतात, त्याचं उत्तरही हेच: त्याच ताणात लांब हाताला जास्त पिळ मिळतो.

तर पुशरॉड ७ किलो दाब सोसू शकतो का, हा खरा प्रश्न होता. दाब म्हटलंय, ओढ नाही. ओढ सोसायला पियानो वायर, म्हणजे रॉडची कडक पोलादी तार, राजा आहे. या विमानात हॉर्न एलिव्हेटरच्या खाली होता. खालचा हॉर्न पुढे ओढला की एलिव्हेटर खाली जातो, मागे ढकलला की वर. म्हणजे डाउन देताना रॉड ओढला जातो, अप देताना ढकलला जातो. आणि कमजोर होता तो अपच. एवढ्यावरूनच संशय रॉडवर ठेवायला हरकत नव्हती, पण संशयावर विमान कापायचं नसतं.

चाचणीला काय लागलं: ५ किलोचा आकड्याचा स्प्रिंग काटा (सामान तोलायचा डिजिटलही चालतो), ३ मिमी प्लायच्या चार पट्ट्या, फोमचे तुकडे, चार छोटे सी-क्लॅम्प, स्टीलची पट्टी आणि मार्कर. कपड्यांचे चिमटे वापरू नका. दोन किलोच्या आतच ते घसरतात आणि आपण रॉडला दोष देत बसतो.

एलिव्हेटर बरोबर न्यूट्रलला आणून स्टॅबिलायझर (शेपटीचा स्थिर आडवा भाग) आणि एलिव्हेटर मिळून वरखाली प्लायची पट्टी लावायची, मध्ये फोम, आणि क्लॅम्प आवळायचे. हॉर्नच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडी. इतकं आवळायचं की एलिव्हेटर हलणार नाही, पण आवरणावर वळ उठणार नाही. विमान फ्यूजलाजला (धडाला) धरून बसवायचं. बाहेरच्या पंखाच्या टोकाला धरू नका, पंख लवतो आणि मोजमाप बिघडतं. काटा थेट लीडआउटच्या फासाला लावायचा, उडवायच्या लाइनी मध्ये नकोत. याला कारण आहे. सात पदरी ०.३८ मिमीची स्टीलची लाइन १८ मीटर लांबीला दर किलोमागे साधारण ११-१२ मिमी ताणते. ०.४६ची लाइन आठेक मिमी. एवढं ताणणं मध्ये राहिलं तर विमानातला ४-५ मिमीचा दोष त्यात बुडून जातो. (पातळ लाइनीवर विमान मऊ का वाटतं, तेही यातच आलं.) पंखाच्या टोकाशी, जिथून लीडआउट बाहेर येते, तिथे तारेवर मार्करने खूण करायची. खूण किती सरकली, तेच आपलं माप.

आधी डाउनची लाइन ओढली. २ किलोला खूण ४ मिमी सरकली. मग अपची. काटा ५००, ६०० ग्रॅमपर्यंत नीट चढला. ६५०च्या आसपास रॉडचा मधला भाग फ्यूजलाजपासून हळूच सुटला आणि धनुष्यासारखा बाहेर फुगला. पुढे ओढत गेलो तरी काटा ७००च्या वर जाईचना, रॉडच फुगत गेला. कॉलम कोसळतो तो असाच. तार मोडत नाही, वाकून राहतही नाही. सोडली की सरळ, म्हणून जमिनीवर काही दिसत नाही.

फुगवटा २५ मिमी झाला तिथे थांबून मोजलं. रॉडच्या दोन टोकांमधलं अंतर ३ मिमीने घटलं होतं आणि लीडआउट ६ मिमी बाहेर आली होती. १९ मिमीच्या हॉर्नवर ३ मिमी म्हणजे ९ अंश. हँडल ३० अंश अप मागतंय आणि एलिव्हेटर २१ देतोय. फुगलेल्या लूपचा हिशोब लागला.

कागदावरही हेच येतं. दोन्ही टोकं मोकळी फिरणारी २.४ मिमीची, ५०० मिमी लांब स्टीलची तार अवघ्या १.३ किलो दाबाला फुगते. बेलक्रँकवर जोर दुप्पट होतो, म्हणून काट्यावर ६५० ग्रॅम. लांबी अर्धी केली की सोसायची ताकद चौपट, व्यास वाढवला की त्याच्या चौथ्या घाताने वाढ. म्हणूनच रॉडला मध्ये धरणारा एक गाइड असतो. तो इथेही होता: प्लायच्या छोट्या कोनावर बसवलेली पितळी नळी. दिसायला जागेवर, पण कोन बोटाने ढकलला तर रॉडबरोबर खुशाल डोलत होता. खालचा डिंक सुटला होता. इंधनात मिसळलेलं एरंडेल इंजिनाच्या एक्झॉस्टमधून निघून फ्यूजलाजवरून मागे वाहत येतं, सांध्यात झिरपतं आणि काही महिन्यांत लाकूड आणि गोंद यांची फारकत होते. प्रोफाइल विमानात तर हे ठरलेलंच. चार आण्याच्या कोनाने रॉडची ताकद एक चतुर्थांश करून टाकली होती.

नुसता कोन परत चिकटवला असता तरी ५.२ किलो मिळाले असते. काम चाललं असतं, पण ७ला कमी आणि पुन्हा एरंडेलाच्या भरवशावर. पर्याय तीन होते. त्याच तारेला दोन गाइड, साधारण १६५ मिमीच्या अंतरांवर: ११ किलोच्या पुढे. ३.२ मिमीची तार: गाइडशिवाय ४.१ किलो, एका गाइडने १६. तिचं वजन ३२ ग्रॅम, जुनीचं १८. तिसरा, ६ मिमी बाहेरून आणि ४ मिमी आतून अशी कार्बनची नळी: ५०० मिमीला गाइडशिवायच २० किलोच्या वर, वजन बारा-तेरा ग्रॅम. सायकलचा स्पोक वापरणारेही भेटतात. स्पोक २ मिमीचा. ३०० मिमी मोकळा ठेवला तर पावणेदोन किलोला फुगतो, म्हणजे छोट्या ट्रेनरच्या पुढे नको.

गाइड वाढवण्यात एक अडचण लोक विसरतात. बेलक्रँकचं टोक कमानीत फिरतं. १९ मिमीच्या भोकाला ३५ अंश फिरवलं की ते साडेतीन मिमी आडवंही सरकतं. पहिला गाइड बेलक्रँकला चिकटून आणि घट्ट बसवला तर रॉड तिथे अडतो. तो बेलक्रँकपासून निदान १०० मिमी दूर ठेवायचा आणि भोक त्या दिशेने लांबट करायचं.

आम्ही कार्बनची नळी घेतली. नळीत खरं काम टोकांचं असतं. २.४च्या तारेवर पितळी नळीचा तुकडा चढवून ती कार्बनच्या आत सैल राहणार नाही अशा मापात आणली. आत जाणारा भाग ३० मिमी, कानशीने खरबरीत केलेला, आणि आतल्या टोकाला काटकोनात वळवून नळीच्या बाजूच्या छिद्रातून २ मिमी बाहेर काढलेला, म्हणजे गोंद सुटला तरी तार निसटणार नाही. अ‍ॅराल्डाइट हळू सुकणारं, पाच मिनिटांचं नको. नळीचं तोंड बाहेरून २० मिमी दोऱ्याने घट्ट गुंडाळून त्यावर पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) सोडलं. हे गुंडाळलं नाही तर कार्बन बांबूसारखा उभा चिरतो. नळीबाहेर राहणारी तार ३० मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर फुगायचं दुखणं मधून निघून टोकाला जाऊन बसतं.

तारेला काटकोन वळवताना वळणाची आतली त्रिज्या निदान तारेच्या व्यासाएवढी ठेवा. पक्कडीच्या धारेवर वळवलेल्या पियानो वायरला आतून केसाएवढी चीर जाते आणि इंजिनाच्या थरथरीने ती वाढत राहते. चुकीचं वळलं तर उलटं वळवून सरळ करू नका, तुकडा फेकून द्या. टोकाला वॉशरचा डाख देत असाल तर अ‍ॅसिड फ्लक्स गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन काढायचा. न धुतलेल्या डाखाखाली महिन्याभरात तांबडा गंज दिसतो.

रॉड बाहेर काढलाच होता तेव्हा उरलेल्या ४ मिमीचा शोध घेतला. इथे ढिलाई आणि लवणं यांत गल्लत करायची नाही. ढिलाई शून्य ताणाला असते आणि तेवढीच राहते. लवणं ताणाबरोबर वाढतं. बोटाने एलिव्हेटर वरखाली हलवून मागच्या कडेला दीड मिमी प्ले मिळाला. बेलक्रँकचं भोक घासून २.९ झालं होतं, २.४च्या तारेला अर्धा मिमी मोकळीक. हॉर्नच्या हातापेक्षा एलिव्हेटरची रुंदी दुप्पट, त्यामुळे कडेला तो दुप्पट, एक मिमी. बाकीचा हॉर्नच्या भोकात. भोक ३.२ला मोठं करून २.४ आतल्या मापाची पितळी नळी बसवली, दोन्ही तोंडं जराशी पसरली, काम झालं. हॉर्नमध्ये लांबचं भोक असेल तर रॉड तिथे न्या. प्लेही घटतो, जोरही कमी लागतो. फिरणं थोडं कमी होतं, ते हँडलवर भरून काढता येतं.

लवण्यातला मोठा वाटा बेलक्रँकच्या बोल्टचा निघाला. एम४चा बोल्ट फक्त खालच्या पाटात धरलेला, वर मोकळा. ताण दिला की तिरका होतो. तपासायला डोळा पुरतो: बोल्टच्या डोक्यावर ड्रिंकची स्ट्रॉ चिकटवून उभी करा आणि ओढा, स्ट्रॉचं टोक सगळं सांगतं. वरून ३ मिमी प्लायचा दुसरा पाट देऊन बोल्ट दोन्ही टोकांना धरला. त्याआधी पाटाच्या कडा तपासल्या. ओढताना ‘कर्र’ असा बारीक आवाज आला तर प्लायचे थर सुटताहेत किंवा गोंदाची रेघ उघडतेय. असा पाट वरून गोंद ओतून वाचत नाही. तो काढायचा, एरंडेल अ‍ॅसिटोनने पुसायचं, वर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवायची, झाडायची, पुन्हा पुसायचं. लाकडाचा रंग फिका होईपर्यंत हे चालू ठेवायचं, मगच इपॉक्सी.

बेलक्रँक नायलॉनचा असेल तर लीडआउटचं भोक भिंगाखाली पाहा. बुश (भोकातली धातूची नळी) नसलेल्या भोकात पदरी तार करवतीसारखी चालते. जुना नायलॉन कोरडा पडून ठिसूळ होतो. अर्धा तास पाण्यात उकळला की ओलावा शोषून पुन्हा चिवट होतो, पण कापलेलं भोक भरून येत नाही. तो बदलायचाच.

लीडआउटवर कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापूस अडकेल तिथे पदर तुटलेला आहे, डोळ्याला दिसो न दिसो. तुटतात ते बहुधा बेलक्रँकच्या बुशपाशी किंवा फास आवळणाऱ्या तांब्याच्या नळीतून तार बाहेर पडते तिथे. पदरी तारेला डाख कधीच देऊ नये: कथील पदरांतून वर चढतं, तार तेवढी कडक होते आणि कडक-मऊच्या सीमेवर वाकून वाकून तुटते. कोकणात, मुंबईत दमट हवेत नळीच्या आत गंज बसतो, तो बाहेरून दिसत नाही. एक लीडआउट गेली तर दोन्ही बदला.

हॉर्नखालचा बाल्सा (मऊ, हलकं लाकूड) दबला होता. स्क्रू आवळले की आणखी दबतो आणि पुन्हा सैल. वरखाली ०.८ मिमी प्लायचे तुकडे दिले आणि स्क्रूच्या भोकांत पातळ सीए सोडून मगच आवळले. एलिव्हेटरचे दोन भाग जोडणारी तारही पाहायची: हॉर्नजवळचा भाग धरून दुसरा भाग बोटाने दाबा. तो वेगळा हलला तर तार पिळली जातेय किंवा लाकडात सुटलीय. फ्लॅपवाल्या (पंखाच्या मागच्या कडेलाही हलणारे भाग असलेल्या) विमानात हे जास्त बोचतं. हॉर्नवर ३ किलोचा जोर, २० मिमीचा हात, दोन्हीकडे ५० मिमी तार: २.४ची तार प्रत्येक बाजूला ३.३ अंश पिळते, ३.२ची फक्त १ अंश. फ्लॅपला ३.२च हवी, यात तडजोड नाही.

सगळं जोडून पुन्हा तीच चाचणी, या वेळी खऱ्या ताणाला, ३.५ किलोला. अपकडे खूण ३ मिमी, डाउनकडे अडीच. रॉड ढिम्म. एकेकट्या लाइनला १२ किलो देऊ नका. त्या भारासाठी रॉड आणि हॉर्न केलेलेच नसतात, चांगलं विमान मोडून बसाल. १२ किलो दोन्ही लाइनींना मिळून, हँडलसकट, आणि मनगटाचा पट्टा हँडलला बांधलेला.

नवं विमान बांधणाऱ्यांनी हॉर्न एलिव्हेटरच्या वर घ्यावा. वरचा हॉर्न पुढे ओढला की अप मिळतो, म्हणजे ढकलण्याची कमजोर बाजू डाउनला जाते. डाइव्हमधून जमिनीपाशी बाहेर काढतो तो अप, आणि तो ओढीचाच असावा. तयार विमानात हॉर्न खालून वर नेला तर कंट्रोल उलटतो, तेव्हा हँडलवर लाइनींची अदलाबदल करायची आणि इंजिन सुरू करण्याआधी दुसऱ्या माणसाला एलिव्हेटर पाहायला लावून मोठ्याने ‘अप’ म्हणवून घ्यायचं.

गुरुत्वमध्य जुन्या जागी आणला, हँडलचं अंतर आणि न्यूट्रल मूळचं केलं आणि मग उडवलं. दोन्ही लूप सारखे आले. पहिल्या दहा उड्डाणांनंतर क्लॅम्प लावून खूण पुन्हा मोजली: अप ३, डाउन अडीच. पुढची मोजणी पंचविसाव्या उड्डाणानंतर, आणि मध्ये कधी नाक आपटलं तर त्याच दिवशी.